पेथरिकचा बंद कळप

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टार्नवुड गावाच्या वार्षिक शेतकी प्रदर्शनात केकचं वजन ओळखायची एक स्पर्धा असते. टेबलावर सुक्या मेव्याचा मोठा केक ठेवतात, ज्याला वाटेल त्याने तो उचलून पाहायचा, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, आणि ज्याचा आकडा सगळ्यात जवळ त्याने केक घरी न्यायचा. आल्व्हिन पेथरिकने तो सलग नऊ वर्षं घरी नेला. दहाव्या वर्षी समितीने त्याला परीक्षक नेमलं. मान म्हणून नव्हे, इतरांच्या पोटात केक जावा म्हणून.

असा हात त्याला मेंढ्यांनी दिला होता. पेथरिकांकडे मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढ्यांचा नामांकित कळप आहे. आल्व्हिनच्या आजोबांनी १९११ साली तो बंद केला, म्हणजे त्या सालानंतर बाहेरचा एकही मेंढा आत आला नाही. जे काही वाढलं, सुधारलं, ते घरच्याच रक्तातून. इतर मेंढीवाले हे जरा आदराने आणि जरा हसत सांगत. आल्व्हिन मात्र हसत नसे. लिलावाच्या दिवशी तो मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, लोकर दोन बोटांनी उघडून आत बघायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. ते निकाल फारसे चुकले नाहीत. न चुकणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते, एवढं मी चाळीस वर्षं शाळेत शिकवून शिकले आहे. हुशार मुलाला आपलं उत्तर पुन्हा तपासायची सवय लागत नाही.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट मेंढ्यांची नाही, बँडीकूटची आहे. नावावरून कुणी घूस डोळ्यांसमोर आणू नये. आमच्या मैदानी भागातला हा पट्टेवाला बँडीकूट सशाच्या पिल्लाएवढा असतो. लांब निमुळतं नाक, कमरेवर तीन-चार फिके पट्टे, आणि मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी. फक्त पिशवीचं तोंड मागच्या बाजूला, म्हणजे ती नाकाने आणि पंजांनी जमीन उकरते तेव्हा माती पिल्लांवर पडत नाही. गवत गेलं, कोल्हे आले, आणि हा प्राणी आमच्या भागात संपला असंच सगळे धरून चालले होते.

मग आल्व्हिनच्या बायकोने, ऊनाने, एकदा मोडका सोफा गावाच्या उकिरड्यावर नेऊन टाकला. गंजलेल्या गाड्यांच्या सांगाड्यांखालून तिला एक नाक बाहेर आलेलं दिसलं. वन्यजीव विभागाची माणसं आली, आठवडाभर पिंजरे लावले, आणि बारा जण सापडले. पाच नर, सात माद्या. बस्स. ठेवायचे कुठे? कोल्ह्यांना अडवणारं पक्कं कुंपण त्या टापूत एकट्या आल्व्हिनकडेच होतं, कोकरांसाठी बांधलेलं.

"सहा महिन्यांपुरतं," विभागाचा माणूस म्हणाला होता.

ही गोष्ट घडली तेव्हा त्याला बावीस वर्षं झाली होती.

कुंपणाच्या आत दोन कुरणं होती, मध्ये आडवी जाळी. एक घराजवळचं, दाट गवताचं. दुसरं मागचं, जिथे जुन्या ज्वालामुखीचे दगड जमिनीतून वर आलेत आणि गवत बिचारं जागा मिळेल तिथे उगवतं. बारा जण आधी घराजवळ सोडले. ते वाढले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, उजाडायच्या बेताला, आम्ही पिंजरे बघायला निघत असू. शेंगदाण्याचं लोणी, ओट आणि काकवी यांची गोळी आमिषाला. आल्व्हिन प्राण्याला कापडी पिशवीत घ्यायचा, ऊना टॉर्च धरायची, आणि मी नोंदवही. मी निवृत्त होऊन महिनाच झाला होता आणि शनिवारी काय करावं ते मला कळत नव्हतं, तेव्हा ऊनाने मला या कामाला लावलं.

"सातशे ऐंशी ग्रॅम," आल्व्हिन पिशवी हातात तोलून म्हणायचा.

काट्यावर सातशे पंच्याऐंशी दिसायचं.

"काटा जुना झालाय."

"माझं वजन तेवढं ओळखू नकोस," ऊना म्हणायची.

"ओळखलंय. एकोणचाळीस वर्षांपूर्वीच गप्प बसायला शिकलोय."

सगळं छान चाललं होतं आणि आल्व्हिन मेंढीवाला होता. त्याला वाटे, चांगल्यातून चांगलं निवडावं. मूळच्या बारांत एक दांडगा नर होता, छाती भरलेली, अंगावर तकतकी, माणसाला न भिणारा. त्याचं नाव त्याने ब्रिगेडियर ठेवलं. ब्रिगेडियर आणि त्याची धष्टपुष्ट पोरं घराजवळच्या कुरणात राहिली. जे बारीक निघत, ज्यांचं तोंड जरा जास्तच चिंचोळं, ज्यांचे कान फाटके, ती मंडळी आल्व्हिन उचलून मागच्या खडकाळ कुरणात सोडत असे. मारायचं त्याच्या मनातही आलं नाही. नजरेआड केली, एवढंच. ऊनाने त्या कुरणाला अनाथाश्रम असं नाव ठेवलं होतं. तिथे आम्ही वर्षातून एकदा, माद्यांच्या पिशव्या न उघडता नुसती डोकी मोजण्यापुरते जात असू.

नोंदवहीत एक रकाना होता, बाप.

"बाप कोण लिहू?" मी विचारायची.

आल्व्हिन पिल्लाला वर धरून बघायचा. "खांदे बघ की. ब्रिगेडियर."

आणि मी लिहायची, ब्रिगेडियर. माझं अक्षर चांगलं आहे, आयुष्यभर फळ्यावर गिरवलेलं. त्या अक्षरात लिहिलेली गोष्ट कुणालाही खरीच वाटावी. बँडीकूटचं सगळं रात्रीच्या अंधारात, गवताच्या बुडाशी चालतं, कोण कोणाचा बाप ते कुणीही पाहिलेलं नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरी आम्ही बावीस वर्षं तो रकाना भरला, ब्रिगेडियर गेल्यावर त्याच्या पोरा-नातवांच्या नावाने.

मग माद्यांच्या पोटच्या पिशव्या रिकाम्या निघू लागल्या. तशी ही माद्यांची जात भराभर विणारी, दिवस राहिल्यापासून पंधरवड्याच्या आत पिल्लं. पूर्वी पिशवीत तीन तीन असत. आता एक, किंवा नुसतीच सुरकुतलेली त्वचा. जी जन्मत, त्यांतली बरीच पिशवीतून बाहेर पडायच्या आधीच जात. आधी आम्ही दुष्काळाला बोल लावला. मग पाऊस चांगला झाला तरी तेच. त्या वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, गवतावर हिवाचा पांढरा थर असताना, आम्ही एका सकाळी सात माद्या तपासल्या. सातही रिकाम्या. आल्व्हिनने शेवटची मादी सोडली आणि तो तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला. ऊनाने टॉर्च बंद केला. उजेड तर केव्हाच झाला होता.

विभागाचं पत्र आलं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत फरक पडला नाही, तर उरलेले सगळे प्राणी इथून हलवून शहरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांत ठेवावे लागतील. पत्रात आल्व्हिनचे आभारही मानले होते. तो आभारांचा परिच्छेद त्याने मला दोनदा वाचायला लावला.

"हे मेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं वाटतं," तो म्हणाला.

त्याच पत्रात होतं की आधी विद्यापीठातून कुणी येऊन प्राण्यांचा जनुकीय अभ्यास करेल. आली ती थिया काल्निन्स. लोण्याच्या कारखान्यातल्या मेकॅनिकची मुलगी. आठ वर्षांची असताना तिने फळ्यावरची माझी भागाकाराची चूक दाखवली होती, आणि तीही हात वर करून, नीट परवानगी घेऊन.

"बाई, तुम्ही अजून रजिस्टर भरताय," ती गाडीतून उतरताच म्हणाली.

"अजून चुकतेही असेन. बघ तपासून."

हे मी गमतीने म्हटलं होतं.

तिचं काम साधं होतं. प्रत्येक प्राण्याच्या कानाच्या कडेचा मसुराच्या डाळीएवढा तुकडा घ्यायचा, औषधाच्या कुपीत टाकायचा. त्यावरून कोण कुणाचा कोण ते कळतं. मूळच्या बारा जणांच्या कानांचे तुकडे विभागाने तेव्हाच एका बाटलीत ठेवले होते आणि बावीस वर्षांत ती बाटली कुणी उघडली नव्हती. थियाने ती मागवून घेतली. आल्व्हिनने दोन शनिवारांत घराजवळच्या कुरणातले छप्पन्न प्राणी धरून दिले.

"मागच्या कुरणातले?" थियाने विचारलं.

"तिथे बघण्यासारखं काही नाही," आल्व्हिन म्हणाला. विषय तिथेच संपला, कारण तो ज्या सुरात बोलला त्या सुरावर टार्नवुडमध्ये मेंढे विकत घेतले जातात.

ऑगस्टच्या अखेरीस ती निकाल घेऊन आली. आम्ही चौघं पेथरिकांच्या स्वयंपाकघरात बसलो. ऊनाने जॅमबरोबर खायचे स्कोन, म्हणजे छोटे खुसखुशीत पाव, केले होते. थियाने कागद पिशवीतून काढलेच नाहीत. तिने ऊनाकडे पत्ते मागितले. आमच्या गावच्या सभागृहात दर गुरुवारी पत्त्यांचा डाव रंगतो, तेव्हा पत्ते कुठल्याही घरात सापडतात.

"समजा हे बावन्न पत्ते बारा जणांनी मिळून आणले," ती म्हणाली आणि पत्ते टेबलावर पसरले. "प्रत्येक आईबाप पोराला आपल्या हातातले निम्मेच पत्ते देतात. कुठले, ते नशिबावर. ज्याची पोरं खूप, त्याचे पत्ते पुन्हा पुन्हा पुढे जातात. ज्याची पोरं थोडी, त्याचे पत्ते टेबलाखाली पडतात. पडला तो गेला." बोलता बोलता ती पत्ते उचलत होती. एक्के गेले, इस्पिकं जवळजवळ सगळी गेली. शेवटी टेबलावर सतरा-अठरा पत्ते राहिले, तेही बहुतेक बदामाचे. "घराजवळच्या कुरणात आज हे एवढं उरलंय. बारांपैकी पाच जणांचंच रक्त. आणि छप्पन्नपैकी एकेचाळीस जण एकाच नराच्या वंशातले."

"ब्रिगेडियर," मी म्हणाले.

"नाही, बाई. ब्रिगेडियरच्या भावाच्या. ब्रिगेडियरला स्वतःला फार पोरं झालीच नाहीत."

मी नोंदवही मिटली. बावीस वर्षांचा तो रकाना, पानामागून पान, माझ्या सुबक अक्षरात. भागाकाराच्या वेळी हात वर करून थिया जशी नम्रपणे बसली होती, तशीच आताही बसली होती.

आल्व्हिनने उरलेले पत्ते उचलून टेबलावर ठोकून सारखे केले. मग म्हणाला, "सांग, काय करायचं."

"बाहेरून नवे आणायचे. टास्मानियात यांचेच भाऊबंद आहेत. बेटावर पडले म्हणून वेगळे झाले, पण जमतं त्यांचं. तिथले आठ नर आणले तर…"

"नाही."

"मिस्टर पेथरिक…"

"हे इथले आहेत. याच मातीतले. शेवटचे बारा. ते सांभाळायला दिले होते मला, त्यांची खिचडी करायला नाही. बेटावरचे आणून मिसळायचे असतील तर मग मी राखलं काय?" तो उठला, टोपी घातली आणि बाहेर गेला. स्कोन तसाच राहिला. आल्व्हिनने ऊनाचा स्कोन सोडून उठणं हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

थियाचे डोळे भरून आले होते. "माझं चुकलं. आकड्यांनी सुरुवात करायला नको होती."

"आकडे बरोबर होते," ऊना म्हणाली. "तो मेंढ्यांकडे गेलाय. येईल."

दोन आठवडे आल्व्हिन पिंजऱ्यांकडे फिरकला नाही. मी मधे एकदा अंडी द्यायला गेले, तेव्हा नवराबायको मटण आणि बटाटे खात होते. मी बसले. ऊनाने मला चहा दिला आणि माझ्याकडे बघत, पण त्याला ऐकवत म्हणाली, "विन, तुला माझं लग्न आठवतं का गं?"

"तेव्हा मी इथे नव्हते."

"मग सांगते. मी लॉन्सेस्टनची. बेटावरची." आमच्याकडे टास्मानियाच्या माणसांना चिडवतात की आपापसांत लग्नं करून करून त्यांना दोन डोकी फुटलीत. "लग्नाच्या दिवशी याच्या आईने माझ्या मानेवरचे केस बाजूला करून बघितले. म्हणाली, दुसरं डोकं कापून घेतल्याची खूण दिसते का बघते. सगळे हसले. हाही हसला. पेथरिकांनी तीन पिढ्या याच रस्त्यावरच्या तीन घरांतल्या मुली केल्या होत्या. याच्या काकाला बोटं सहा आणि मावशीला ऐकू येत नसे, पण डोकी मात्र म्हणे आमच्याकडे दोन."

आल्व्हिन बटाटा चावत राहिला.

"माझी तिन्ही पोरं धडधाकट," ऊना म्हणाली. "त्यांना कुणी खिचडी म्हटलं नाही."

आल्व्हिनने काटा खाली ठेवला. "काकाची सहा बोटं घोड्याला लगाम घालायला फार उपयोगी पडायची," तो म्हणाला. मग ताट बाजूला सारून, "विन, शनिवारी पिंजरे मागच्या कुरणात लावू. बाहेरचं काय ते नंतर. आधी आपलं घर तरी नीट बघू."

त्या शनिवारी आम्ही खडकाळ कुरणात गेलो. वारा पश्चिमेकडून येत होता, दगडांच्या फटींतून शिट्टी वाजवत. आल्व्हिन दगडांवरून उतरताना माझा हात धरत होता की मी त्याचा, ते सांगणं कठीण. तो तेव्हा एकोणऐंशीचा होता. पहिल्या पिंजऱ्यात एक नर निघाला. कानाला दोन खाचा, शेपटीचं टोक तुटलेलं. आल्व्हिनने पिशवी तोलली.

"सहाशे दहा. याला मी स्वतः इकडे टाकलंय." मग त्याने पिशवीतून नाक तेवढं बाहेर काढलं आणि पुन्हा बघितलं. "म्हणजे याला नाही. याच्या बापाला. किंवा ज्याला मी याचा बाप समजतो त्याला."

"रकाना मोकळा ठेवते," मी म्हणाले.

"ठेव."

दुसरी मादी होती. पिशवीत दोन पिल्लं, शेंगदाण्याएवढी, गुलाबी, घट्ट चिकटलेली. तिसऱ्या पिंजऱ्यातल्या मादीच्या पिशवीत तीन. त्या दगडांत, ज्यांना वाईट म्हणून टाकलं होतं त्यांच्यात, त्या सकाळी एकही प्रौढ मादी रिकामी निघाली नाही.

सगळे मिळून एकोणीस प्राणी होते. कुप्या थियाकडे गेल्या. तिने फोनवरच सांगितलं, कारण इथवर येईपर्यंत तिला धीर धरवेना. ऊनाने स्पीकर लावला.

"बारांपैकी दहा जणांचं रक्त आहे तिथे," थिया म्हणाली. "हरवलेले पत्ते, मिस्टर पेथरिक. टेबलाखालचे. ते तुम्हीच तिकडे नेऊन ठेवलेत."

"मी ते फेकले होते."

"फेकले, पण कुंपणाच्या आत."

आल्व्हिन खिडकीतून बाहेर बघत होता. पलीकडे त्याचे मेंढे सूर्याकडे पाठ करून उभे होते, सगळे एकाच आईचे असावेत तसे.

"पुरतील का हे एकोणीस?" त्याने विचारलं.

फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. लहानपणीही ती न तपासता उत्तर देत नसे. "काही वर्षं पुरतील. पण मुळात बाराच होते. बारांचे कितीही पत्ते पिसले तरी तेच बावन्न. पुढे पुन्हा हीच वेळ येईल. तेव्हा बघायला तुम्ही…" ती थांबली.

"तेव्हा मी नसेन," आल्व्हिन म्हणाला. "बोलायला घाबरू नकोस, मेंढीवाल्यांना हे हिशेब येतात." मग त्याने ऊनाकडे पाहिलं. ऊना भांडी पुसत होती, आणि मुद्दाम त्याच्याकडे बघत नव्हती. "तुझे ते बेटावरचे आठ," तो फोनकडे तोंड करून म्हणाला. "त्यांना दोन डोकी नाहीत ना, एवढं बघून आण."

ऑक्टोबरमध्ये मधली जाळी उघडली. हे काम आल्व्हिनने स्वतः केलं, जाळीची एकेक तार पक्कडीने सोडवत. कुठला प्राणी कुठे सोडायचा याची यादी थियाने करून दिली होती, आणि ती आल्व्हिनने आयुष्यभर जे केलं त्याच्या अगदी उलट होती. कानाला खाचा असलेला तो शेपूटतुटका नर घराजवळच्या दाट गवतात जाणार होता. ब्रिगेडियरसारखा दिसणारा एक सुरेख, सव्वानऊशे ग्रॅमचा नर दगडांत. आल्व्हिनने त्याला पिशवीत घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला.

"काय खांदे आहेत," तो म्हणाला.

"यादीत तो मागे आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे गं. नुसतं म्हटलं." आणि त्याने त्याला दगडांकडे सोडलं.

बेटावरचे आठ जण नोव्हेंबरात, विमानाने, लाकडी पेट्यांतून आले. जरा मोठे, रंगाने जरा गडद. ऊनाने प्रत्येक पेटीजवळ वाकून काहीतरी पुटपुटलं. काय म्हणालीस, असं आल्व्हिनने विचारलं तर म्हणे, "सांगितलं त्यांना, सासू फार दिवस टिकत नाही, जरा सहन करा."

उन्हाळा कोरडा गेला. जानेवारीत एक कोल्हा कुंपणाखालून खणून आत शिरला आणि त्याला पकडेपर्यंत तीन प्राणी गेले, त्यांत बेटावरचा एक. आल्व्हिन त्या आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. पण त्याने कुंपणाच्या बुडाशी सगळीकडे जाळीचा पट्टा जमिनीत आडवा पुरून घेतला, आणि आम्ही मोजत राहिलो.

जूनचा पहिला शनिवार. विभागाच्या पत्रातली मुदत याच महिन्यात संपत होती. थिया आदल्या संध्याकाळीच येऊन माझ्याकडे राहिली. पुन्हा गवतावर हिवाचा थर, पुन्हा आम्ही तिघं आणि वर थिया. पहिल्या पिंजऱ्यात एक तरुण मादी होती, याच वर्षी जन्मलेली. आल्व्हिनने पिशवी तोलली, पण आकडा सांगितला नाही. त्याने ती थियाच्या हातात दिली.

"तू सांग."

थियाने अंदाज केला. "सहाशे?"

"सहाशे पन्नास. शिकशील."

मग त्याने मादीला उलटं धरलं, अंगठ्याने पिशवीचं तोंड हळूच उघडलं. ऊनाने टॉर्च जवळ नेला. आत चार होती. चार मी त्या घराजवळच्या कुरणात कधीच पाहिली नव्हती. इवल्या शेंगा एकमेकींना चिकटाव्यात तशी.

आमच्या भागातला पुरुष फार खूश झाला की एकच वाक्य बोलतो. आल्व्हिन ते बोलला. "वाईट नाही."

त्या दिवशी अकरा प्रौढ माद्या तपासल्या, नऊंच्या पिशव्या भरलेल्या होत्या. पेथरिकांच्या स्वयंपाकघरात येऊन मी नोंदवही उघडली. जुन्या पानांवरचा ब्रिगेडियर मी खोडला नव्हता. चूक खोडू नये, तिच्यावर एक रेघ मारावी आणि शेजारी बरोबर लिहावं, हेच मी मुलांना शिकवत आले. बावीस वर्षांच्या पानांवर मी तसंच केलं होतं, दीड महिना बसून; थियाच्या कागदांत होतं तिथे बरोबर नाव, नव्हतं तिथे प्रश्नचिन्ह.

"बाप?" मी सवयीने विचारलं आणि पेन थांबवलं.

आल्व्हिन स्कोनवर जॅम लावत होता. "मला काय माहीत. कानाचा तुकडा पाठव. तिकडून कळेल."

ते उत्तर ऑगस्टमध्ये आलं. त्या चार पिल्लांची आई दगडांतल्या रक्ताची होती, आजा तो शेपूटतुटका. बाप बेटावरचा. मी रकान्यात तसं लिहिलं. विभागाचंही पत्र आलं, की प्राणी आहेत तिथेच राहतील. या पत्रात आभार मानलेले नव्हते, त्यामुळे आल्व्हिनला ते आवडलं.

आता तो ब्याऐंशीचा आहे. दोन्ही कुरणांत मिळून एकशे तीस प्राणी आहेत, आणि पुढच्या वर्षी त्यांतले तीस दुसऱ्या एका कुंपणात, समुद्राकडच्या बाजूला जाणार आहेत. गुडघे साथ देत नाहीत म्हणून तो पिंजऱ्यांपाशी वाकत नाही, खुर्ची घेऊन बसतो आणि पिशवी हातात मागतो. आकडा अजून चुकत नाही.

गेल्या मेंढ्यांच्या लिलावाला मी ऊनाबरोबर गेले होते. आल्व्हिन खरेदीदारांच्या रांगेत बसलेला दिसला. पेथरिक खरेदीदारांच्या रांगेत बसलेला शंभरहून जास्त वर्षांत कुणी पाहिला नव्हता, तेव्हा माना वळल्या. दक्षिणेकडच्या एका कळपाचा, रुंद तोंडाचा, दिसायला यथातथाच असा मेंढा आला, आणि आल्व्हिनने बोट वर केलं.

"याच्या खांद्यांत काय बघितलंस?" शेजारच्याने विचारलं.

"काही नाही," आल्व्हिन म्हणाला. "खांदे माझ्याकडे घरी भरपूर आहेत."